इंजिन न खोलता ठोका शोधून देणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहायचं नाही, ही तुमची अट. म्हणून नुसतं काका. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण तुम्ही जे करून दाखवलंत ते जुनी गाडी सांभाळणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

गाडी एका सिलिंडरची, एअर कूल्ड, बऱ्याच हातांतून फिरून आलेली. स्लोवर, म्हणजे एक्सलरेटर न देता इंजिन हळू चालू ठेवून, उभी असली की इंजिनातून जड ठोका यायचा. टॅपेटची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागाची) टिकटिक वेगळी असते, हलकी आणि एका लयीत. हा आवाज खोल होता आणि मध्येच एखादा ठोका चुकायचा. थोडी रेस दिली की विरायचा, एक्सलरेटर सोडला की पुन्हा हजर. ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यांचं एकच मत पडलं: बिग एंड (पिस्टनच्या रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) गेलं, क्रँक (पिस्टनच्या चालीने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) काढावा लागणार. म्हणजे इंजिन फ्रेममधून उतरवायचं, इंजिनाच्या कवचाच्या दोन्ही केस उघडायच्या, क्रँक प्रेसवर सुटा करून नवा कनेक्टिंग रॉड बसवायचा आणि डायल गेज लावून तो पुन्हा सरळ करायचा. हे शेवटचं काम जरा जरी कमी पडलं तर इंजिन थरथरत राहतं. असं सांगणाऱ्यांवर माझा राग नाही. आवाज खरोखरच तसा होता.

तुम्ही मात्र पान्याला हात लावला नाहीत. आधी विचारत गेलात. थंड असताना जास्त की तापल्यावर? चढावर वरच्या गिअरमध्ये ओढताना वाढतो का? क्लच दाबला की बदलतो का? आणि मग, किक मारताना पायाला कधी उलटा झटका बसतो का? बसायचा, अधूनमधून. आवाजाचा आणि किकचा काय संबंध, हे मला तेव्हा उमगलं नव्हतं.

प्रत्येक उत्तरासरशी तुम्ही एकेक संशयित बाजूला काढत होतात आणि का काढलात तेही सांगत होतात. यासाठी तुमचे विशेष आभार. पिस्टन ब्लॉकमध्ये ढिला झाला असेल तर थंडपणी जास्त वाजतो आणि तापल्यावर फुगून आवाज कमी होतो. इथे तापल्यावर काहीच फरक नव्हता. क्लच दाबून आवाज बदलत नव्हता, म्हणजे क्लच आणि गिअरबॉक्सवरचा संशय कमी झाला. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) फार पुढे गेलं किंवा हेडमध्ये कार्बन साचला तर होणारं नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून येणारा खडखडाट, जोर पडल्यावर ऐकू येतं, उभ्या गाडीत नाही. आणि बिग एंड झिजलं असेल तर ओढताना ठोका वाढायला हवा. आमचा तर ओढताना गप्प व्हायचा! तुम्ही तिथेच म्हणालात, ‘क्रँकला अजून दोष देऊ नकोस.’

मग तुम्ही स्लो आणखी खाली आणून ऐकायला लावलंत. मिनिटाला 1200 फेरे असले तर क्रँक सेकंदाला 20 वेळा फिरतो आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बरोबर निम्मे, 10 वेळा. टॅपेट आणि रॉकरचे आवाज या निम्म्या चालीने येतात, पिस्टन आणि क्रँककडचे बहुधा पूर्ण चालीने. आमचा ठोका यातल्या कुठल्याच चालीत धड बसत नव्हता. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक केसवर आणि मूठ कानाजवळच्या हाडावर टेकवून तुम्ही मला ऐकवलंत. हेडवर पुसट, ब्लॉकच्या तळाशी थोडा जास्त, मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकाला बसलेल्या, ठिणगीसाठी वीज देणाऱ्या जड चाकाच्या) कव्हरवर एकदम स्पष्ट. ‘धातूतून आवाज लांबवर पोचतो, एका जागी ऐकून निकाल द्यायचा नाही’ असं बजावून तुम्ही पुन्हा पुन्हा जागा बदलायला लावलीत.

ऑइलही पाहिलंत. ड्रेन नटाच्या चुंबकावर करड्या रंगाचं बारीक मलमासारखं काही होतं, ते चालतं म्हणालात. बोटांना टोचणारे कण किंवा चमकते पापुद्रे मिळाले असते तर गोष्ट वेगळी. प्लग काढून, पिस्टनवर लाकडी दांडी टेकवून क्रँक हळूच मागेपुढे हलवलात. दांडी लगेच हलत होती, मध्ये रिकामी चाल नव्हती. रॉड ठीक आहे हे मला तेव्हा पटलं, आणि पुढचं सगळं ऐकायला मन जागेवर आलं.

टायमिंग लाइट (प्रत्येक ठिणगीबरोबर लखलखणारा दिवा) लावल्यावर किकच्या प्रश्नाचा अर्थ कळला. स्लोवर मॅग्नेटवरची खूण एका जागी स्थिर दिसायला हवी, ती पुढेमागे डुलत होती. माझ्या गाडीत ठिणगीची वेळ मॅग्नेटवरच ठरते, तेव्हा मॅग्नेट शाफ्टवर पुढे सरकलं की ठिणगी लवकर पडते आणि किक उलटते. बंद गाडीत कव्हर काढलंत तर मॅग्नेटचा नट मात्र घट्ट! मी निराश झालो होतो. तुम्ही दोन्ही हातांनी मॅग्नेट धरून झटका दिलात आणि तोच आवाज आला, अगदी बारीक, पण तोच. नट काढून पुलरने मॅग्नेट ओढलं तेव्हा शाफ्टच्या टेपरवर (निमुळत्या टोकावर) तांबूस भुकटी बसलेली होती. दोन पोलादी पृष्ठं एकमेकांवर किंचित घासत राहिली की अशी भुकटी होते, हे तुम्ही बोटावर घेऊन दाखवलंत. अर्धचंद्राकृती चावीच्या (शाफ्ट आणि मॅग्नेटच्या खाचांत बसणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) कडा चेपलेल्या, मॅग्नेटमधली खाच रुंदावलेली. आणि नटाखालचा वॉशर नव्हताच. कधीतरी कुणीतरी तो न घालता नट आवळला होता. नट आट्यांच्या शेवटी जाऊन टेकला होता, म्हणून हाताला घट्ट लागायचा, पण मॅग्नेटला टेपरवर दाबत नव्हता.

स्लोवरच का वाजायचं, हेही तुम्ही सोडवून सांगितलंत. एका सिलिंडरचा क्रँक सारख्या वेगाने फिरत नाही. कॉम्प्रेशनला अडखळतो, स्फोटाला उसळतो. स्लोवर हा फरक सगळ्यांत जास्त, आणि जड मॅग्नेट प्रत्येक वेळी मागे राहून चावीच्या एका बाजूला, मग पुढे जाऊन दुसऱ्या बाजूला आपटतं. वेग वाढला की चाल एकसारखी होते आणि आवाज दबतो. इतके दिवस भीती घालणारी ती एकच खूण खरं तर उत्तर होती.

दुरुस्ती त्यामानाने सरळ झाली. नवं मॅग्नेट, नवी चावी, योग्य वॉशर. तुम्ही बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावून मॅग्नेट टेपरवर हलकं फिरवलंत, दोन्हीकडे जवळजवळ पूर्ण करडा पट्टा उमटेपर्यंत. मग पेस्टचा कणही राहू न देता पुसून, टेपर अगदी कोरडा ठेवून, टॉर्क पान्याने नट बसवलात. भार टेपरची पकड घेते, चावी फक्त जागा दाखवते, हे मला कुणी आजवर सांगितलं नव्हतं.

आता खूण स्थिर आहे, स्लो लागतो, किक मऊ आहे. तुम्ही दहा मिनिटांत ‘बिग एंड’ म्हणून मोकळे झाला असतात तरी मी निमूटपणे इंजिन उतरवलं असतं. तुम्ही वेळ दिलात, कारणं सांगितलीत, मला स्वतःला ऐकायला लावलंत. याबद्दल मनापासून आभार.

एक विनंती. एका मित्राच्या गाडीत ठोका येतो, पण त्याचा ओढताना वाढतो आणि ऑइलमध्ये चमकते पापुद्रे दिसलेत. त्याला मी गाडी चालवू नकोस असं सांगितलंय. तुमची परवानगी असेल तर या रविवारी गाडी ढकलत घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
जुन्या गाडीवाला