आंगारच्या दफनभूमीत आमच्यासाठी गेलेल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं पाकीट मिळालं. फोनवर आभार मानले होते, पण पाकीट उघडल्यावर ते फारच अपुरे वाटले. शिवाय तुम्ही जे केलंत ते एका वर्गाच्या फळ्यापुरतं ठेवण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुमच्या इच्छेप्रमाणे नाव घालत नाही. मुलुंडचे, मध्य रेल्वेतून निवृत्त झालेले, मुलाकडे पॅरिसला गेलेले काका, एवढं पुरे.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. काका आमच्या वर्गासाठी फ्रान्समधल्या आंगार गावी जाऊन वैमानिक श्रीकृष्ण वेलिंगकरच्या कबरीचे फोटो आणि तिथे पोचायचा नकाशा घेऊन आले. पहिल्या महायुद्धात लढाऊ विमान चालवणारे हिंदी तरुण बोटांवर मोजण्याइतके होते. हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल चंदर सेन आणि मुंबईत जन्मलेला श्रीकृष्ण वेलिंगकर. हिंदी माणसाला राजाचं कमिशन, म्हणजे ब्रिटिश सैन्यातलं अधिकारीपद, मिळणं तेव्हा जवळजवळ अशक्य होतं. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या या मुलाने तरीही ते १९१७ मध्ये मिळवलं आणि २३ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये तो सॉपविथ डॉल्फिन चालवू लागला. या विमानात वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्या मधल्या मोकळ्या चौकटीतून बाहेर येई. वरचं आकाश छान दिसायचं, पण उतरताना विमान उलटलं तर पहिला मार डोक्यालाच. पॅराशूट ब्रिटिश वैमानिकांना दिलेलंच नव्हतं. हे सांगितलं तेव्हा सातवीचा अख्खा वर्ग गप्प झाला होता.

२७ जून १९१८ ला तो गस्तीवर गेला आणि परत आला नाही. जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती लागला, ३० जूनला गेला. वय जेमतेम २३. जर्मनांनी त्याला रूव्रुआला रीतसर पुरलं, पण वर नाव लागलं ‘ओबरलेफ्टनंट एस. सी. वुमकर’. युद्ध संपल्यावर हा वुमकर कोण, याचा छडा लागला, ती आपल्याच वेलिंगकरची कबर ठरली आणि त्याला सोम भागातल्या आंगारच्या दफनभूमीत हलवण्यात आलं. मधल्या काळात मुंबईतल्या त्याच्या घरच्यांनी काय सोसलं असेल, ते आई असलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

मुलांना एवढं सांगून झाल्यावर एकीने विचारलं, “बाई, आता त्याचं नाव बरोबर लिहिलंय का?” उत्तर पुस्तकात होतं, पण मुलांना ते डोळ्यांनी बघायचं होतं. तुमच्या पुतणीने हे तुमच्या कानावर घातलं आणि तुम्ही एका शब्दाने म्हणाला नाहीत की बघू, जमलं तर.

काका, तिथे पोचणं सोपं नाही, हे तुमच्या नकाशावरून कळतं. पॅरिसहून आमियां, तिथे गाडी बदलून विलेर-ब्रेतोनोचं छोटं स्टेशन, आणि पुढे बीटाच्या शेतांमधून सरळ पायी. रेल्वेत आयुष्य काढलेल्या माणसाची शिस्त त्या नकाशात ओळीओळीला दिसते. कोणत्या फलाटावर उतरायचं, परतीच्या गाडीसाठी किती वेळ हाताशी ठेवायचा, पाणी कुठे भरून घ्यायचं, रस्त्याला पदपथ कुठे संपतो, सारं आहे. कबर कोणत्या रांगेत हे दाराजवळच्या नोंदवहीत सापडतं आणि ती वही भिंतीतल्या छोट्या कप्प्यात असते, हेही तुम्ही बाण काढून दाखवलंत. असा नकाशा हाती असेल तर उद्या आमचा एखादा माजी विद्यार्थीही एकटा तिथे जाऊ शकेल. फोटोंपेक्षा मला हा कागद मोलाचा वाटतो.

फोटोही काय काढलेत! एक पूर्ण रांगेचा, एक दगडाचा समोरून आणि एक ऊन तिरपं पडल्यावर थांबून काढलेला, ज्यात कोरलेलं अक्षर न् अक्षर उठून दिसतं. नाव बरोबर आहे. ज्या मुलीने विचारलं होतं तिने बोट फिरवत एकेक इंग्रजी अक्षर वाचलं आणि मगच मान डोलावली.

सगळे दगड एकसारखे का, हा पुढचा प्रश्न होता. युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या आयोगाने १९१७ मध्ये स्थापन झाल्यावर हुद्दा, वंश, धर्म न पाहता सर्वांना सारखाच दगड द्यायचं ठरवलं होतं, हे मी सांगितलं. त्याबरोबर हेही सांगितलं की हे तत्त्व सगळीकडे पाळलं गेलं नाही. २०२१ मध्ये आयोगाच्याच चौकशी समितीने मान्य केलं की आफ्रिका आणि आशियातल्या किमान १ लाख १६ हजार मृतांची नावं कुठेच कोरली गेली नाहीत, किंवा त्यांची आठवणच ठेवली गेली नाही. मुलांना दोन्ही गोष्टी कळायला हव्यात असं माझं ठाम मत आहे. आपल्या मशीद बंदरच्या सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या २ हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक आहे. त्याच्यासमोरून रोज जाणाऱ्या कितीजणांना ते ठाऊक असतं? वेलिंगकरसाठी इथे एक पाटी लागावी असं मला मनापासून वाटतं आणि त्यासाठी मी अर्ज करणार आहे. सोबत तुमचे फोटो जोडेन, परवानगी गृहीत धरते.

विलेर-ब्रेतोनोच्या शाळेचा फोटो तुम्ही आपणहून काढलात, त्याबद्दल वेगळे आभार. युद्धात उद्ध्वस्त झालेली ती शाळा ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या मुलांनी पै-पै जमवून पाठवलेल्या पैशांच्या मदतीने पुन्हा उभी राहिली. अंगणात आजही ऑस्ट्रेलियाला विसरू नका असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. आमची मुलं तो फोटो सोडायला तयार नव्हती. शाळेतल्या मुलांनी शाळेतल्या मुलांसाठी केलेलं काम त्यांना लगेच आपलं वाटलं.

आणि ती वही. इंद्रलाल रॉयच्या कबरीवर बंगालीत मजकूर आहे, हे मुलांनी वाचलेलं होतं. वेलिंगकरच्या कबरीवर मराठी नाही याची त्यांना रुखरुख होती. तुम्ही भेट देणाऱ्यांच्या वहीत देवनागरीत त्याचं पूर्ण नाव लिहिलंत, खाली ‘मुंबई’ लिहिलंत आणि मग आमच्या इयत्तेचं नाव. स्वतःचं कुठेच नाही. वर्गाने तुम्हाला निरोप दिलेला नव्हता, मीही नाही. हे तुम्हाला तिथे उभं असताना सुचलं, आणि त्याबद्दल कसे आभार मानावेत ते मला अजून नीट सुचत नाही.

आता एक विनंती. ८ ऑक्टोबरला वायुदल दिन आहे. त्या दिवशी सकाळच्या सत्रात शाळेत याल का? नकाशा मोठा करून भिंतीवर लावला आहे, तो तुम्हीच समजावून सांगावा असं मुलांचं म्हणणं आहे. प्रश्नांची यादी तयार आहे: कबरीजवळ कोणती फुलं लावली होती, तिथे गवत कोण कापतं, गावातलं कुणी बोललं का, आणि परतीची गाडी चुकली असती तर काय केलं असतं. काकूंनाही घेऊन या. परळ स्टेशनवर दोन मुलं तुम्हाला घ्यायला येतील.

आपली कृतज्ञ,
परळच्या शाळेतली इतिहासाची बाई