चरबी तोडू नका, एन्झाइम नीट द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत मुलांच्या पचनाच्या तक्रारींवरील लेखात ‘शौच तेलकट होत असेल तर तेल-लोणी बंद करून हलका आहार द्या’ असा सल्ला छापून आला. एरवी दोन-चार दिवस तसे केल्याने कोणाचे फारसे बिघडणार नाही. पण सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार असलेल्या मुलाच्या घरी तो मनावर घेतला गेला, तर वजन घसरायला वेळ लागणार नाही. या मुलांच्या आहाराचे काम रोज करणारे म्हणून काही गोष्टी नेमक्या मांडतो.

या आजारात स्वादुपिंडाचा स्राव घट्ट होऊन नलिका तुंबतात. दहापैकी आठ-नऊ जणांत पाचक एन्झाइम आतड्यापर्यंत पुरेसे पोहोचतच नाहीत आणि खाल्लेली चरबी तशीच बाहेर पडते. एके काळी डॉक्टरही चरबी कमी करायलाच सांगत. कॅनडात टोरांटोच्या उपचार केंद्राने 1970 च्या दशकात उलट वाट धरली: भरपूर चरबी, भरपूर कॅलरी आणि सोबत पुरेसे एन्झाइम. टोरांटो आणि बोस्टन येथील रुग्णांची तुलना 1988 मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हीकडच्या उपचारांत ठळक फरक होता तो आहाराचा. टोरांटोत आयुर्मानाचा मध्यांक 30 वर्षे निघाला, बोस्टनमध्ये 21. तेव्हापासून चरबी तोडण्याचा सल्ला मोडीत निघाला. वर्तमानपत्रांत मात्र तो अधूनमधून डोके वर काढतो.

आज या मुलांना निरोगी समवयस्काच्या 110 ते 200 टक्के कॅलरी लागतात असे धरतात आणि त्यातल्या 35 ते 40 टक्के चरबीतून याव्यात असे सांगतात. पोट लहान असल्यामुळे ताट वाढवून उपयोग नाही, तोच घास जड करावा लागतो. चहाचा एक चमचा तेल म्हणजे 40 कॅलरी. तेवढे भाजीत किंवा सूपमध्ये सहज मुरते. पण चरबी वाढली की तिला पचवणारे एन्झाइमही त्या प्रमाणात हवेत, आणि बहुतेक घरांत गाडी अडते ती इथे.

एन्झाइमच्या कॅप्सूलच्या आत बारीक दाणे असतात आणि प्रत्येक दाण्यावर आम्लात न विरघळणारे आवरण असते, कारण जठरातल्या आम्लात लायपेज, म्हणजे चरबी पचवणारे एन्झाइम, निकामी होते. लहान आतड्यात आम्ल कमी होऊन पीएच साधारण 5.5 च्या वर गेला की आवरण विरघळते आणि लायपेज अन्नात मिसळते. एवढे कळले की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. दाणे चावायचे नाहीत, कुटायचे नाहीत. जेवणानंतर देऊन फायदा नाही, अन्न पुढे गेलेले असते. पहिल्या घासाआधी द्यावेत. मूल अर्ध्या तासाहून जास्त रेंगाळत असेल तर निम्मा डोस सुरुवातीला आणि निम्मा मध्यावर. कॅप्सूल गिळता येत नसेल तर ती उघडून दाणे चमचाभर आंबटसर गरात घालावेत. शिजवलेल्या सफरचंदाचा गर चालतो. दुधात किंवा कस्टर्डमध्ये कालवले तर आवरण तिथेच सुटू लागते. मिसळल्यावर लगेच भरवावे, वर काहीतरी प्यायला द्यावे आणि हिरडी व गालाच्या मधल्या फटीत पाहावे. तिथे अडकलेल्या एखाद्या दाण्यानेही तोंड येते आणि मग मूल जेवायलाच नकार देते. अंगावर पिणाऱ्या बाळालाही एन्झाइम लागतात, पण बाटलीत दाणे कधीही टाकू नयेत.

डोस डॉक्टरांनीच ठरवायचा, तरी हिशेब पालकांना समजलेला बरा. मर्यादा अशी: एका जेवणाला मुलाच्या वजनाच्या किलोमागे 2,500 युनिट लायपेजपेक्षा जास्त नाही, दिवसाला किलोमागे 10,000 च्या वर नाही. पंधरा किलोच्या मुलाला 10,000 युनिटच्या दोन कॅप्सूल तीन जेवणांना आणि एकेक तीन वेळच्या खाण्याला दिली, तर दिवसाचे 90,000 युनिट होतात, म्हणजे किलोमागे 6,000. मर्यादेच्या आत. पण त्याच दोन कॅप्सूल 10 ग्रॅम चरबीच्या जेवणाला ग्रॅममागे 2,000 युनिट देतात आणि 40 ग्रॅमच्या जेवणाला फक्त 500. तेव्हा डोस चरबीकडे पाहून ठरायला हवा. नुसते फळ किंवा फळाचा रस असेल तर कॅप्सूल लागत नाही. दुधाच्या पेल्याला लागते.

शौच पुन्हा तेलकट, दुर्गंधीयुक्त झाले की पालक परस्पर एक कॅप्सूल वाढवतात. तसे करू नये. फार मोठ्या डोसांमुळे मुलांचे मोठे आतडे आकसल्याचे 1994 मध्ये निदर्शनास आले आणि वरची मर्यादा त्यानंतरच आखली गेली. आधी बघावे: डबी उन्हात किंवा तापलेल्या गाडीत राहिली होती का, मुदत संपली का, शेवटच्या घासानंतर दिली गेली का, मधले खाणे एन्झाइमशिवाय गेले का. हे सगळे ठीक असेल तर आतड्यातच आम्ल जास्त उरत असेल, कारण ते शमवणारे बायकार्बोनेटही या स्वादुपिंडातून कमी येते. मग डॉक्टर आम्ल कमी करणारे औषध जोडतात. बद्धकोष्ठ झाले म्हणून एन्झाइम बंद करणे हेही तितकेच चुकीचे. पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला दुखून उलट्या होत असतील तर आतडे तुंबत असण्याची शक्यता असते आणि थेट रुग्णालय गाठावे.

मिठाबद्दलही सर्वसाधारण सल्ला इथे उलटा पडतो. या मुलांच्या घामातून क्षार फार जातात. सहा महिन्यांखालील बाळाला दिवसभरात चहाच्या चमच्याचा आठवा भाग मीठ, पुढे पाव चमचा, असे डॉक्टर सांगतात. ते थोडे थोडे वाटून द्यावे, एकाच वेळी दिले तर उलटी होते. उन्हाळ्यात किंवा तापात बाळ मलूल पडले, दूध टाकू लागले तर रक्तातील सोडियम तपासून घ्यावे. मोठ्या मुलांना तहान लागेपर्यंत थांबू नये. घामातून पाण्याबरोबर क्षारही गेल्याने तहान उशिरा जागी होते, आणि नुसत्या पाण्याने भागत नाही.

अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे चरबीत विरघळणारी असल्याने वेगळी द्यावी लागतात, तीही जेवण आणि एन्झाइमबरोबरच. अ चा अतिरेक अपायकारक असल्याने दरवर्षी रक्ततपासणी हवी. दहाव्या वर्षापासून मधुमेहाची तपासणीही दरवर्षी करतात. तो निघाला तरी कॅलरी तोडत नाहीत, इन्सुलिन देतात. आजाराच्या मुळाशी असलेल्या बिघाडावर काम करणारी नवी मॉड्युलेटर औषधे मिळणाऱ्या काही मुलांचे वजन आता नको इतके वाढते, त्यांच्यासाठी हा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

शाळांसाठी एक विनंती. डब्यात तळलेले, खारट नको हा नियम या मुलांना लावू नये, आणि कॅप्सूल कार्यालयाच्या कपाटात बंद ठेवू नयेत. किल्ली सापडेपर्यंत मधली सुट्टी संपते आणि डबा एन्झाइमशिवाय खाल्ला जातो.

आपले,
बालआहारतज्ज्ञांचा एक गट