महागाई उतरते, भाव नाही

महागाईचा दर घसरल्याची बातमी आली की स्वस्ताई आल्याचा समज होतो. प्रत्यक्षात भाववाढीचा वेग तेवढा मंदावतो. चढलेले भाव खाली येत नाहीत. महागाई सलग ६ टक्के राहिली तर साधारण १२ वर्षांत भाव दुप्पट होतात. म्हणजे बाळाच्या शिक्षणासाठी कपाटात ठेवलेल्या रोख पैशाचे मोल ते बारा वर्षांचे होईतो निम्मे. तीच रक्कम ५ टक्के व्याजाने ठेवली तरी खड्डा पडतोच (व्याजावर कर लागला तर आणखी खोल).

जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच दाखवले होते, की कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. त्यामुळे धान्य महागले की चटका सर्वांना सारखा बसत नाही. अन्न, भाडे, औषध टाळता येत नाही. कात्री आधी बचतीला लागते, मग शिक्षणाला. शाळा एकदम सुटत नाही. आधी शिकवणी बंद, मग पुस्तके जुनी, मग 'यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू'. सरासरीच्या आकड्यात हे दिसणार कसे? कमी उत्पन्नाच्या घरांची महागाई वेगळी मोजून तिलाही तितकीच ठळक प्रसिद्धी द्यावी.

– एक वाचक