कोशिगोएच्या फलाटावरच्या अनाम हातांचे आभार

जपानमधल्या कामाकुरा शहराच्या पश्चिम टोकाला, एनोडेन या रेल्वेमार्गावर कोशिगोए हे छोटं स्थानक आहे. एकच रूळ, एकच फलाट, आणि तोही जेमतेम तीन डब्यांचा. चार डब्यांची गाडी आली की कामाकुराकडच्या टोकाचा डबा फलाटाबाहेर राहतो आणि त्याची दारं उघडत नाहीत. आधीच्या स्थानकापासूनच हे प्रवाशांच्या कानावर घालणाऱ्या गार्डांचे मनापासून आभार. त्या डब्यातून शेजारच्या डब्यात जाता येतं, पण गर्दीत ऐनवेळी ते जमत नाही. म्हणून आधीच सरकून उभं राहावं.

इथून पुढच्या एनोशिमा स्थानकापर्यंत गाडी सरळ बाजाररस्त्यातून धावते. रुळांवर एखादी मोटार अडली तरी तिथेच थांबावं लागतं. मार्ग एकेरी असल्यामुळे समोरची गाडी एनोशिमाला खोळंबते आणि उशीर पुढे पसरत जातो. दुकानासमोर सामान उतरवताना रूळ मोकळे ठेवणारे दुकानदार, वेग आवरून गाडी हाकणारे चालक, रस्त्यातल्या रुळांच्या खाचांमधली वाळू काढणारे कामगार: तुमच्यामुळेच हा मार्ग चालतो. खाच भरली तर चाकाची कड नीट बसत नाही, हे प्रवाशांच्या लक्षातही येत नाही.

११८५ मध्ये मिनामोतो योशित्सुने या योद्ध्याने आपल्या भावाची माफी मिळावी म्हणून भावाच्या अधिकाऱ्याला विनवणीचं पत्र जिथून लिहिल्याचं सांगतात, ते मानपुकुजी मंदिर जवळच आहे. तिकडची वाट विचारणाऱ्याला हातातलं काम सोडून कोपऱ्यापर्यंत पोचवणाऱ्या गावकऱ्यांचेही खूप खूप आभार.