सुधीर, तो ओंकार काढून टाक

किहीम, ता. अलिबाग

प्रिय सुधीर,

पत्र आणि चित्रांचे फोटो मिळाले. करड्या रंगाचं ते मोठं चित्र पुन्हापुन्हा पाहिलं. खालचा भाग इतका जमलाय की बघता बघता गप्प व्हायला होतं. पण वर उजवीकडे सोनेरी ओंकार कशाला? तू लिहितोस, त्याशिवाय लोकांना त्यातलं अध्यात्म कळत नाही. मला हे पटत नाही. आपल्यात आडपडदा नाही, म्हणून सरळच लिहितो.

चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं बघ. झेन या बौद्ध ध्यानपंथाच्या विचाराची एवढी ओढ, पण कॅनव्हासवर ना बुद्ध ना कमळ. रोलरने रंग पसरायचा, पॅलेट नाइफने खरवडायचा, मग पुन्हा थर. वर्षाकाठी मोजकीच चित्रं. बाकी वेळ बघण्यात जायचा. त्या थरांतून येणारा उजेड नेमका कुठला, हे बोट ठेवून दाखवता येत नाही. 2014 साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. तिथे आलेल्या कितीतरी जणांना आपल्याकडची एकही खूण ओळखीची नसेल, त्यांच्यासमोर हा उजेडच होता.

मला मात्र जास्त जवळच्या वाटतात त्या चित्रकार नसरीन मोहमदी. मी इथे राहतो, म्हणूनही असेल. 1937 साली कराचीत जन्म, 1972 पासून बडोद्याला शिकवणं, आणि 1990 साली त्या गेल्या त्या इथेच, किहीमला. कागद, पेन्सिल, शाई आणि ड्राफ्टिंगची अवजारं, एवढाच संसार. चित्रांना नावं नाहीत, बहुतेकांवर तारखाही नाहीत. आधी जाळीसारख्या रेघा होत्या. पुढे जाळीही सुटली आणि कोऱ्या कागदावर तिरक्या जाणाऱ्या थोड्याच रेघा उरल्या. आजाराने शरीर ऐकेनासं झालं होतं, त्या दिवसांतलं हे काम! कुठे केसभर थरथर नाही. मला ती रेघ प्रार्थनेसारखी वाटते.

परवा ओहोटीला वाळूत बसलो होतो. पाणी मागे सरताना एक ठळक रेघ सोडतं, खाली तीन-चार पुसट. खेकड्याच्या बिळाशी त्या फुटतात, पलीकडे पुन्हा जुळतात. नसरीनबाईंनी वाळूचे, पाण्याचे फोटो काढलेत, पण या रेघांच्या कामात समुद्र काढला नाही. दारात समुद्र असून तो न काढण्याला केवढी ताकद लागत असेल!

थोडक्यात आटपलेली चित्रं मी पुष्कळ पाहिलीत. त्यातली बरीच नुसती रिकामी असतात. तुझं तसं नाही. करड्याखालून तो निळा जिथे जेमतेम वर येतो, तिथे तू हात आवरलायस. रोज संध्याकाळी रामरक्षा म्हणणारा माणूस तू. ते सगळं त्या निळ्यात उतरलंय. सोनेरी रंग नजर ओढून घेतो आणि तिथवर कुणी पोचतच नाही.

तेव्हा ओंकारावर नुसता करडा फासू नकोस, कड खालून दिसत राहील. रंग अ‍ॅक्रिलिक आहे ना? मग बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घास आणि मगच थर दे. प्रदर्शनाला अजून अवकाश आहे. गॅलरीवाल्यांना ओंकार हवाच असेल, तर ते चित्र त्यांना देऊच नकोस. मी ठेवून घेईन.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक