नाकाबद्दल थोडं

मिरज,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय अवि,

तुझा मेसेज सकाळीच वाचला होता, पण लग्नाचे तीन अल्बम तुंबलेत, त्यामुळे उत्तराला रात्र झाली. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितोय. तुझी लेक मुक्ता नट्यांची नावं घेऊन, त्यांचे फोटो दाखवून नाकाचं ऑपरेशन करायचं म्हणतेय आणि तुझं म्हणणं, "तू फोटोवाला आहेस, हे सगळं खोटं असतं हे तिला तूच सांग." सांगतो. पण तुला हवं तसं सांगता येईल की नाही, शंका आहे.

खोटं असतं हे तिला ठाऊक नाही असं तुला वाटतं? अरे, काल एका नवरीचा फोटो करत होतो. मुलगी स्वतः शेजारी खुर्ची ओढून बसली होती. दंड थोडा आत घ्या, हनुवटीखालचं काढा, एवढं सांगून झाल्यावर मला म्हणते, "काका, मागचा खांब वाकलाय." खरंच वाकला होता. दंड किंवा कंबर आत ढकलली की मागचं जे काही सरळ असेल तेही आत ओढलं जातं, मग खांब वेगळा सरळ करावा लागतो. नवशिक्याची चोरी अशा खांबांवरूनच पकडली जाते. तिला चोरी कळत होती आणि तरीही दंड बारीकच हवा होता.

केट विन्स्लेट आठवते ना? कोल्हापूरला जाऊन जो बुडत्या बोटीचा सिनेमा, 'टायटॅनिक', दोनदा पाहिला, त्यातली. २००३च्या सुरुवातीला 'जीक्यू' या मासिकाच्या ब्रिटिश आवृत्तीने तिला मुखपृष्ठावर घेतलं आणि पाय असे सडपातळ करून टाकले की तिनेच जाहीर सांगितलं, मी अशी दिसत नाही आणि मला अशी दिसायचंही नाही. शूटिंगच्या दिवशीचा एक पोलरॉइड, म्हणजे कॅमेऱ्यातून लगेच निघणारा फोटो, तिच्याकडे होता. त्यावरून तिचा हिशोब असा, की पाय सुमारे एक तृतीयांशाने कमी केलेत. एक तृतीयांश म्हणजे किती, ते माझ्यासारख्याला विचार! मी दंड पाच-सात टक्के आत घेतो तेवढ्यात घरचे म्हणतात, "फोटो किती छान आलाय." ही बाई मात्र त्यावरच थांबली नाही. २०२१मध्ये तिची एक गुन्हेगारी मालिका आली. तिच्यातल्या एका प्रसंगात पोट सुटलेलं दिसतं, तेवढं छाटू का, असं दिग्दर्शकाने विचारलं, तर ही नको म्हणाली. पोस्टरवर डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या पुसल्या होत्या, तर ते दोनदा परत पाठवलं. मी त्या पोस्टरवाल्याच्या जागी असतो तर दुसऱ्या वेळी डोकं धरून बसलो असतो.

तिच्याही आधी, २००२ साली, जेमी ली कर्टिस या अमेरिकी नटीने 'मोअर' मासिकाला स्वतःहून अट घातली होती. वय ४३. मेकअप नाही, दिव्यांची करामत नाही, अंगावर नुसते आतले कपडे, असा एक फोटो आधी छापायचा. आणि शेजारी नटूनथटून काढलेला दुसरा. तो दुसरा फोटो तयार व्हायला १३ माणसं आणि तीन तास लागले, हेही छापलं. मला त्या बिनमेकअपच्या फोटोपेक्षा ही १३ माणसं जास्त आवडली. आमच्या धंद्यातल्या लोकांची मोजदाद सहसा कोणी करत नाही. आणि आपण कापाकापी करून घेतली होती, ती फारशी फळली नाही, हेही तिने तिथेच सांगून टाकलं.

तुला वाटत असेल ही सगळी कंप्युटरची देणगी. बाबांचा तो उतरता डेस्क आठवतो? काचेखाली आरसा, आरशातून येणारा खिडकीचा उजेड, काचेवर निगेटिव्ह. पेन्सिलीचं टोक ते पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं करायचे. चेहऱ्यावरचा डाग, सुरकुती निगेटिव्हमध्ये फिकट दिसते. तिथे शिशाचे बारीक बारीक ठिपके दिले की प्रिंटमध्ये ती जागा उजळून निघते. स्थळांसाठीच्या फोटोंवर ते तासतासभर बसायचे. पुढे मी तेच कंप्युटरवर करायला लागलो आणि हात मोकळा सुटला. एका मुलीला इतकी गोरी केली की पाहण्याच्या कार्यक्रमानंतर तिची आई फोटो घेऊन दुकानात आली आणि काउंटरवर ठेवून म्हणाली, "फोटो छान आहे हो, पण ही मुलगी आता आम्ही कुठून आणायची?" पैसे परत मागितले नाहीत. मागितले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून स्थळाच्या फोटोत रंगाला हात लावत नाही, पण लग्नाच्या अल्बमात लावतो. हा नियम काही धड नाही, पण आहे.

आता नाक. मुक्ताने ज्या नट्यांची नावं घेतली त्यांतल्या काहींनी तोंडाने कबूल केलंय, हे तिला आधी कळू दे. श्रुती हासनने २०२०मध्ये सरळ लिहिलं, की हा माझा चेहरा आहे, मी प्लास्टिक सर्जरी केलीय आणि त्याची मला लाज नाही. प्रियांका चोप्राने २०२१च्या आत्मचरित्रात सांगितलंय, नाकात वाढलेला पॉलिप, म्हणजे मांसाची गाठ, काढताना डॉक्टरच्या हातून हाडाला धक्का लागला आणि नाक खाली बसलं. चेहराच बदलला, सिनेमे हातचे गेले, मग दुरुस्तीची ऑपरेशनं. ही गोष्ट मुक्ताला नक्की वाचायला दे. आणि पुण्यात वाढलेली आपली राधिका आपटे. तिला सुरुवातीच्या भेटींतच नाक नीट करून घे, मग छाती, मग आणखी काही, असं सुचवत गेले. तिने काहीच केलं नाही.

उलट २०२५मध्ये कायली जेनर या अमेरिकी टीव्हीतारकेने कोणा मुलीने विचारल्यावर आपल्या छातीच्या ऑपरेशनचं माप ४४५ सीसी, आत घातलेलं सिलिकॉन, डॉक्टरचं नाव, सगळं जाहीर लिहून टाकलं. प्रामाणिकपणा म्हणायचा की पाककृती, कळेना. तरी "भरपूर पाणी पिते आणि आठ तास झोपते" म्हणणाऱ्यांपेक्षा मला ती परवडली. पाणी पिऊन नाक सरळ होत नाही एवढं तरी पोरींना कळतं.

आणि नाक बदलायला निघालीच आहे तर तिला काउसजीची गोष्ट सांग. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा हा मराठा शेतकरी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच होता. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने मेणाचं पातळ नाक करून मापाला लावलं, ते कपाळावर सपाट पसरून आखलं, तेवढी कातडी सोडवली आणि भुवयांमध्ये जोडलेली ठेवून खाली वळवली. चिकटवायला पाण्यात भिजवलेला कात. पानातला कात, अवि! मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज डॉक्टर ते बघत होते. १७९४च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने हे चित्रासह छापलं आणि तिथल्या सर्जन लोकांनी पुढे तीच पद्धत उचलली. ज्याचं नाक खरोखर कापलं गेलं त्याच्यासाठी ही कला होती. मुक्ताचं नाक तुझ्या आईचं आहे, एवढाच त्याचा गुन्हा.

पण हे तिला दटावत सांगू नकोस. २७ वर्षांची आहे, पगार तिचा आहे. डॉक्टरांना भेटायला जाईल तेव्हा सोबत जा आणि बिघडलं तर काय, दुरुस्तीचा खर्च किती, हे विचार. तुझ्या तोंडून "आमच्या वेळी" निघालं की ती परस्पर तारीख घेऊन येईल.

शिवाय तुला बोलायला जागाही नाही. तुझ्या हॉलमधल्या लग्नाच्या फोटोत तुझ्या डाव्या गालावरची सायकलवरून पडल्याची खूण शोध. सापडणार नाही. बाबांनी एक दुपार घालवली होती तिच्यावर, सुनंदावहिनींच्या वडिलांना मोठी प्रिंट द्यायची होती म्हणून. निगेटिव्ह माझ्याकडे आहे, शिशाचे ठिपके अजून दिसतात. मुक्ताला घेऊन दिवाळीत ये, डेस्कही माळ्यावरून काढून ठेवतो.

वहिनींना नमस्कार. येताना त्या मागच्या खेपेचा डबा आण, आमची आई अजून विचारते.

तुझा,
बापू