वीसच्या आतली मुलं म्हणजे शून्य का, मंत्रिमहोदय?

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या (आमच्या तोंडी अजून नगरच येतं) एका ख्रिस्ती अल्पसंख्याक संस्थेच्या अनुदानित मराठी शाळेची मुख्याध्यापिका आहे. शाळा पाचवी ते दहावी, आणि शेजारी मंडळीचं (चर्चचं) बोर्डिंग. बंद पाकिटातलं पत्र आवक नोंदवहीच्या पुढे सरकत नाही, हा अनुभव गाठीशी आहे, म्हणून हे उघडं पत्र लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात आमच्या संचमान्यतेची, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे त्याची, सुनावणी झाली. सहावी ते आठवी या गटाला मंजूर शिक्षक: शून्य. वर्गात मुलं 27 आहेत. ती रोज येतात, खिचडी खातात, फळ्यावर चुकतात, पुन्हा गणित मांडतात. पण संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होते, आणि त्या पटातही आधार जुळलेलीच मुलं धरतात. आमची सहा मुलं दसऱ्यानंतर आली, कारण त्यांचे आईबाप दसऱ्यानंतरच मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात. पोरं मागे ठेवायला जागा नसते, तेव्हा ती आमच्या बोर्डिंगमध्ये येतात. आणखी तिघांचं आधार जुळत नाही. 27 मधून नऊ गेली, उरली 18. आपल्या खात्याच्या 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे या गटाचा पट वीसच्या आत गेला की शिक्षकाचं पद शून्य होतं.

सातवीतल्या एका मुलीचं सांगते. तिच्या आधारवर आडनाव चुकलं आहे आणि जन्माचं वर्षही. दुरुस्तीला जन्माचा दाखला लागतो. ती जन्मली उसाच्या फडावर, जिल्ह्याच्या बाहेर, कोपीत (झोपडीत). कोणत्या गावच्या हद्दीत, ते तिच्या आईला सांगता येत नाही, कारण त्या हंगामात टोळी तीन गावं फिरली होती. दाखला कुठल्या ग्रामपंचायतीतून आणायचा? ही मुलगी रोज सकाळी खणखणीत आवाजात "हजर बाई" म्हणते. आपली संगणक प्रणाली म्हणते, ती नाहीच.

मागच्या वर्षी बक्षीस समारंभाला शिक्षण खात्यातले एक वरिष्ठ अधिकारी आमच्याकडे प्रमुख पाहुणे होते. त्यांनी माइकवरून सांगितलं होतं की ऊसतोड कामगारांची पोरं सांभाळणाऱ्या या शाळेला पटाच्या कारणावरून धक्का लागणार नाही, हा माझा शब्द आहे. पालकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. परवा सुनावणीला समोर तेच बसले होते. हजेरीपट, बोर्डिंगचं रजिस्टर, मुलांचे फोटो, सगळं मी टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उघडलंही नाही. "मॅडम, सिस्टिम दाखवते तेच धरावं लागतं," म्हणाले. आणि मी उठता उठता पुढचं वाक्य आलं, "तुम्हाला काय कमी आहे हो, तुमच्या मिशनला बाहेरून पैसा येतो."

मंत्रिमहोदय, हा बाहेरचा पैसा कुठून येतो ते ऐका. आमच्या मंडळीत कापणीचा सण होतो. लोक शेतातलं पहिलं धान्य, भोपळे, कोंबड्या आणून वेदीपुढे ठेवतात, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. यंदा एका आजीने डझनभर अंडी आणली होती. पहिल्या माणसाने ती विकत घेऊन पुन्हा दानात ठेवली, दुसऱ्याने घेऊन पुन्हा ठेवली. तीच अंडी तीनदा विकली गेली. त्या पैशातून आम्ही आमच्या गणिताच्या सरांना मानधन देत होतो. परदेशी मिशनरी कधीच गेले. ही शाळा आजीच्या अंड्यांवर चालली आहे, आणि खुर्चीवर बसलेला माणूस मला परदेशी पैशाचे टोमणे मारतो.

गणिताचे सर आता नाहीत. संस्थेने रीतसर जाहिरात देऊन, मुलाखती घेऊन त्यांना नेमलं होतं. अल्पसंख्याक संस्थेला हा अधिकार संविधानाच्या कलम 30 ने दिला आहे, आणि अनुदान देताना अशा संस्थेशी भेदभाव करू नये, हेही त्याच कलमाच्या दुसऱ्या उपकलमात लिहिलं आहे. वैयक्तिक मान्यतेची (नेमणुकीला खात्याने द्यायच्या मंजुरीची) त्यांची फाइल किती वर्षं त्रुटी, पूर्तता, पुन्हा त्रुटी अशी फिरते आहे. 2025 मध्ये नागपुरात शालार्थ आयडीचा (शिक्षकांच्या सरकारी पगारासाठी लागणाऱ्या क्रमांकाचा) घोटाळा उघड झाला, बोगस शिक्षक सापडले, अधिकारी अटकेत गेले. त्यानंतर आमची फाइल ढिगात आणखी खाली गेली. चोरी कोणी केली आणि उपास कोणाला घडला? शून्याचा आदेश कळला त्या दिवशी सर माझ्यासमोर बसून म्हणाले, "बाई, आता मुलीची फी भरायची आहे." ते तालुक्याच्या गावी एका कृषी सेवा केंद्रात हिशेब लिहायला लागले. आठवीची बीजगणिताची वही तपासायला घेतलेली, तशीच अर्धी माझ्याकडे देऊन गेले.

आमचा शिपाई निवृत्त झाला, त्याची जागा भरली नाही. 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने ती पदंच मोडीत काढली आणि त्याबदल्यात आमच्यासारख्या गावांना महिन्याला 5,000 रुपये भत्ता ठरवला. या पैशात पूर्ण दिवस राबणारा माणूस मला आणून दाखवा. तेव्हापासून घंटा मी देते. मुलींचं स्वच्छतागृह मी आणि दोन शिक्षिका पाळीपाळीने धुतो. यात मला कमीपणा वाटत नाही. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, आणि तुम्हीही एकमेकांचे धुवा असं सांगितलं. तुमच्यात ज्याला पहिलं व्हायचं आहे त्याने सगळ्यांचा दास व्हावं, हे आम्ही लहानपणापासून रविवारच्या शाळेत शिकलो. आमच्याकडे मुख्याध्यापक म्हणजे तो माणूस. माझ्या आधीच्या बाई तापलेल्या मुलाच्या उशाशी बोर्डिंगमध्ये रात्र काढून सकाळी साडेदहाला प्रार्थनेला उभ्या असत. पण माझ्या श्रद्धेवर सरकारने काटकसर का करावी? मी झाडू मारते ते मुलांसाठी. खात्याचा एका पदाचा पगार वाचावा म्हणून नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18 वा अध्याय आपण एकदा वाचावा, असं मी मनापासून सुचवते. शिष्य येशूला विचारतात, स्वर्गाच्या राज्यात सगळ्यांत मोठा कोण? प्रश्न पदाचा आहे, खुर्चीचा आहे. येशू उत्तर देण्याआधी एका लहान मुलाला बोलावतो आणि सगळ्यांच्या मध्ये उभं करतो. या लहानांतल्या एकालाही तुच्छ मानू नका, असं बजावतो. आणि मग त्याच अध्यायात ती गोष्ट येते: शंभर मेंढरं, एक भटकलेलं, आणि नव्याण्णवांना डोंगरावर सोडून त्या एकाच्या मागे निघालेला मेंढपाळ. शाळा कशी चालवावी हे मला प्रशिक्षणांतून जेवढं कळलं, त्याहून जास्त या एका पानातून कळलं. आमच्याकडे शिक्षक रोज आधी कोण आलं नाही ते बघतात. मुलगा सलग दोन दिवस दिसला नाही तर संध्याकाळी त्याच्या वस्तीवर जातात. आपली संचमान्यता नेमकी उलटी चालते. एक मूल कमी झालं की ती उरलेल्या 19 जणांनाही पुसून टाकते.

हा माझ्या धर्माचाच मुद्दा आहे असं समजू नका, आपल्या कायद्याचाही आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची काढा. सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांसाठी शिक्षक असावेत, वर्गाला किमान एक असावा, असं तिच्यात आहे. वीस मुलं भरली तरच, अशी अट तिथे मला सापडली नाही. संसदेने दिलेला शिक्षक मंत्रालयातल्या एका निर्णयाने जातो कसा?

आणि धर्मांतराची ती शंका, जी कोणी स्पष्ट बोलत नाही पण प्रत्येक तपासणीत डोळ्यांत दिसते, तिचंही उत्तर देते. आमची बहुतेक मुलं हिंदू, बौद्ध आणि मुसलमान घरांतली आहेत. अनुदानित शाळेत संमतीशिवाय कोणालाही धर्मशिक्षण देता येत नाही, हे कलम 28 सांगतं आणि आम्ही ते पाळतो. या जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 मध्ये सुरू झालं. मिशनच्या शिक्षिका सिंथिया फॅरारबाई 1839 मध्ये नगरला आल्या आणि 1862 मध्ये इथल्याच मातीत गेल्या. त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या, आणि सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे नगरला त्यांच्याकडे घेतले. महात्मा फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. या दोघांना त्यासाठी ख्रिस्ती व्हावं लागलं नाही. दर 3 जानेवारीला आपण सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालता, आम्हालाही परिपत्रक येतं, फोटो अपलोड करा म्हणून. त्यांना शिकवणं जिथे शिकायला मिळालं त्याच नगर जिल्ह्यातल्या शाळेत आज मुलींना शिकवायला माणूस नाही, याचा फोटो कोणत्या पोर्टलवर टाकू?

1882 मध्ये ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीरावांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं होतं. पंडिता रमाबाईंनी त्याच आयोगाला स्त्री-शिक्षिका तयार करा म्हणून सांगितलं, आणि पुढे ख्रिस्ती झाल्यावर केडगावला दुष्काळातल्या शेकडो मुलींना आणून जगवलं, शिकवलं. आधी मुलगी आत घ्यायची, कागद नंतर बघायचे, अशी ती बाई होती. आज रमाबाई असत्या तर त्या मुलींचं आधार जुळेपर्यंत आपण त्यांनाही शून्य शिक्षक दिले असते.

आणि हे फक्त आमचं रडगाणं नाही. 2 मे 2012 ला शिक्षकभरती थांबवली, त्यानंतर जी काही भरती झाली ती तुकड्या-तुकड्यांनी, सरकारी भरती पोर्टलच्या मर्जीने. तरण्या पोरांना शिक्षणसेवक म्हणून 6,000 रुपयांवर राबवलं, आणि ती रक्कम 16,000 व्हायला 2023 उजाडावं लागलं. आता नोकरीतल्या शिक्षकांनाही टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) सक्तीची ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालानंतर वीस-वीस वर्षं शिकवलेले शिक्षक रात्री टीईटीची पुस्तकं घेऊन बसतात, आणि अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे आहे म्हणून आम्हाला काहीच नीट कोणी सांगत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के शिक्षणावर खर्च करा, हे कोठारी आयोगाने 1966 मध्ये लिहिलं, 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तेच पुन्हा लिहिलं. मधली 54 वर्षं कुठे गेली? 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, फटाके वाजले. पण मराठी शाळेच्या आठवीला गणिताचा मास्तर मिळाला नाही. पुढाऱ्यांच्या स्वतःच्या संस्था इंग्रजी माध्यमाच्या निघतात, पिवळ्या बस आमच्या वस्तीपर्यंत येऊन पोरं उचलून नेतात, आणि मग खातं आम्हालाच विचारतं की पट का घसरला. साहेब, पट कोणी घसरवला?

याकोबाच्या पत्रात एक वाक्य आहे, त्याचा अर्थ असा की तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण आपला न्याय अधिक कडकपणे होणार आहे. दर जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी मी ते शिक्षकांना वाचून दाखवते. यंदा ते आपल्या कार्यालयालाही वाचून दाखवावंसं वाटतं. जो मुलाचा शिक्षक काढून घेतो, त्याचाही न्याय होणार आहेच.

मागणं फार नाही. ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या शाळांचा पट हंगाम सुरू झाल्यावर, निदान नोव्हेंबरअखेर, वर्गात येऊन प्रत्यक्ष मोजा. आधार जुळलं नाही म्हणून समोर बसलेलं मूल वगळू नका. वीसच्या आत शून्य ही अट काढा. आमच्या सरांच्या मान्यतेची फाइल मंजूर करा किंवा नामंजूर करा, पण कारणासह लेखी कळवा. आणि ज्या अधिकाऱ्यांनी माइकवरून शब्द दिला होता, त्यांना एकदा आमच्या आठवीच्या वर्गात पाठवा. नऊ मुलं कमी कशी झाली, ते त्यांनी त्या मुलांनाच समजावून सांगावं.

सध्या आठवीचा गणिताचा तास मीच घेते. माझा विषय इतिहास आहे. वार्षिक परीक्षा जवळ आली आहे, तेव्हा सोमवारपासून त्या वर्गावर कोण उभं राहणार, तेवढं आपल्या सहीने कळवावं.

आपली,
एक मुख्याध्यापिका
मराठी माध्यमाची ख्रिस्ती अल्पसंख्याक शाळा, अहिल्यानगर जिल्हा